देवीचे वण आलेला पट्टा

रत्नागिरीला माणसं आंबे खायला जातात, नाहीतर गणपतीपुळ्याच्या वाटेवर उतरतात. मी गेले ती ऐन श्रावणात, एक लोखंडी पट्टा मांडीवर घेऊन. परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, काय काय पाहिलंत? म्हटलं, बेकरी पाहिली. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. तेव्हा ठरवलं की हे सगळं एकदा नीट लिहूनच काढावं, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पुण्यात मी ज्या प्रयोगशाळेत काम करत होते तिथे लेसरचं एक यंत्र होतं. त्याचा किरण पोलादावर टिचक्या मारल्यासारखा पाडला की तिथे बारीक खळगा पडायचा. असे हजारो खळगे शेजारी शेजारी पाडायचे, एवढाच आमचा उद्योग. डोळ्यांना पोलाद नुसतं काळवंडल्यासारखं दिसतं, पण बोट फिरवलं की मांजराच्या जिभेसारखं लागतं. गुळगुळीत लोखंडावर गोंद धरत नाही, ह्या खळग्यांत तो शिरतो आणि वाळला की सुटता सुटत नाही. नातेवाइकांना हे समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला होता. लेसर म्हटलं की त्यांना सिनेमातल्या बंदुका आठवायच्या.

आमच्याकडे जनार्दन नावाचा फिटर होता. त्याची बहीण सुमन रत्नागिरीच्या कोळीवाड्यात, मिरकरवाड्यात दिलेली. तिचा नवरा विठ्ठल आपल्या थोरल्या भावाच्या ट्रॉलरवर विंचवर उभा राहायचा. विंच म्हणजे जाळ्याची वायर गुंडाळायचा मोठा रहाट. वायर सुटू लागली की त्या रहाटाला ब्रेकच्या पट्ट्याने आवळून थांबवायचं. पट्ट्याला आतून जाड अस्तर असतं, त्याला तिकडे लायनर म्हणतात. आदल्या हंगामात खाऱ्या पाण्याने त्या लायनरचे रिबिट, म्हणजे तो पट्ट्याला धरून ठेवणारे खिळे, सुटले, अस्तर निघालं, रहाट फिरत राहिला आणि विठ्ठलची तीन बोटं गेली. जनार्दन आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या, सरांच्या मागे लागला. लायनर रिबिटाने न मारता गोंदाने चिकटवायचा, आणि पट्ट्याला आतून लेसरने खळगे पाडून घ्यायचे. सरांनाही समुद्रावरची चाचणी हवीच होती. जनार्दन निघायच्या आदल्या दिवशी कावीळ होऊन पडला. मग पट्टा, गोंदाचे दोन डबे, लायनर आणि थर्मामीटर घेऊन मी निघाले. सरांनी बजावलं होतं की ही चाचणी फसली तर ट्रॉलरचा विषय आपण पुन्हा काढायचा नाही. जनार्दनने काही बजावलं नाही. अंथरुणातून नुसता माझ्याकडे बघत राहिला.

लांजा

आंबा घाटात दरड कोसळली होती, म्हणून एसटी गगनबावड्यावरून फिरून आली. कंडक्टरचं म्हणणं होतं की लोखंड टपावर गेलं पाहिजे. वर पाऊस धो धो ओतत होता. मी म्हटलं, पट्टा टपावर गेला तर मीही टपावर बसते. त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि पुन्हा नाव काढलं नाही.

लांज्याच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली. माझ्या शेजारी काजूच्या कारखान्यात जाणारी एक बाई येऊन बसली. तिची बोटं काळी पडली होती, पेरांवरची कातडी सोलून निघाली होती. काजूच्या टरफलातल्या तेलाने असं होतं, असं ती अगदी सहज म्हणाली. वर माझ्या पातळाला लागू नये म्हणून हात पदरात गुंडाळून अंग चोरून बसली. मी तिला सांगितलं की ह्याच तेलापासून गाड्यांच्या ब्रेकचं अस्तर बनतं, ह्या माझ्या पार्सलातसुद्धा ते आहे. तिला ते खरं वाटेना. हात भाजणारं तेल गाडी थांबवतं, हे तिने मागच्या सीटवरच्या बाईला सांगितलं आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मला मात्र हसू येईना. अस्तराच्या कच्च्या मालाची नावं मी कितीदा वाचली असतील, पण त्यामागे अशी बोटं असतील हे कधी डोक्यात आलं नव्हतं. उतरताना तिने मूठभर काजूगर माझ्या ओंजळीत घातले.

मिरकरवाडा

दत्ताराम, म्हणजे विठ्ठलचा थोरला भाऊ आणि ट्रॉलरचा मालक, मला न्यायला रत्नागिरीच्या स्टँडवर आला होता. धिप्पाड माणूस, बोलणं कमी. बोटी अजून बंदरात दोरखंडांनी एकमेकींना बांधून ठेवलेल्या. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. त्या दिवशी समुद्राला नारळ वाहिला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना समुद्रात जायचं होतं. पट्टा तयार झाला नाही तर काय करणार, असं मी विचारलं. जुना पट्टा तारेने आवळून बसवू, असं दत्ताराम म्हणाला. त्यावर उभं कोण राहणार, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

घरी विठ्ठलनेच मला चहा आणून दिला. कप डाव्या हातात. उजवा हात खांद्यावरच्या पंच्याखाली. जनार्दनने सगळं सांगितलं होतं तरी चहा घेताना पंचा सरकला आणि मला धसका बसला. अंगठा आणि शेजारचं एक बोट तेवढं उरलं होतं. मी कप धरून तशीच बसले. त्याने पंचा पुन्हा सारखा केला आणि मुकाट्याने आत गेला.

सुमन माझ्यापेक्षा बरीच लहान, चपळ आणि बोलकी. तिने माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि फणसाच्या आठळ्या घातलेली टाकळ्याची भाजी केली होती. आमच्या पुण्यात टाकळा रस्त्याच्या कडेला उगवतो आणि गाढवसुद्धा त्याला तोंड लावत नाही. इथे मी तीनदा मागून घेतली. जेवायला माझ्याबरोबर दत्ताराम बसला. विठ्ठल बसला नाही. तो नंतर स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून, डाव्या हातात चमचा धरून जेवतो. अपघातापासून पंगतीला बसला नाही, लग्नाकार्याला जात नाही. सुमनने हे सांगताना आवाज इतका खाली आणला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. डाव्या हाताने चार माणसांत जेवायचं कसं, अशी त्याला लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी आम्हाला भट्टी शोधायची होती. हा गोंद पोळीसारखा भाजावा लागतो, त्याशिवाय पक्का होत नाही. पट्टा सगळीकडून सारखा तापणं महत्त्वाचं. दत्तारामने बाजारातल्या इब्राहिमचाचांची बेकरी सुचवली. निघताना मी पार्सल उघडून पट्टा सुमनच्या हवाली केला आणि सांगितलं, ह्याला ओल लागू देऊ नकोस. तिने मान डोलावली. मी तो पूर्ण विश्वासाने तिच्यावर सोपवला.

इब्राहिमचाचा साठीचे, पांढरी दाढी, अंगावर पिठाचा सडा. मी आधी बिचकत बिचकत विचारलं. पावाच्या भट्टीत बोटीचा ब्रेक भाजायचा म्हणजे कुणीही हाकलूनच दिलं असतं. चाचांनी एवढंच विचारलं की त्याचा वास पावाला लागेल का. मी खरं सांगितलं, की लागेल. मग पाव काढून झाल्यावर दुपारी या, असं म्हणून त्यांनी आमच्यापुढे नानकटाई ठेवली. मी थर्मामीटर आत सोडून पाहिला, भट्टी हवी तशी होती. मी इतकी खूश झाले की नानकटाईचा पुडाच बांधून घेतला.

घरी आले तर सुमन ओटीवर पट्टा मांडीवर घेऊन बसली होती. पट्टा लखलखत होता.

शेजारी विटेची पूड, नारळाची शेंडी आणि खोबरेल तेलाची वाटी. पट्ट्याच्या एका टोकाला तिने कुंकवाचं बोट ओढलं होतं. मला बघून ती हसली. घाम पुसत म्हणाली, “ताई, वाटेत ह्याला गंज धरलावता हो. देवीच्या वणांसारखी बारीक बारीक भोकां पडलीवती सगळीकडं. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून मी काय बोललां नाय. घासघास घासलां आनी तेल पाजलां. आता बघा, ओल शिवणार नाय.”

मी पायरीवर बसले. प्रयोगशाळेत त्या पट्ट्याला आम्ही उघडं बोटही लावत नव्हतो, बोटाचं तेलसुद्धा गोंदाला चालत नाही. इथे तर खळगे गळ्यापर्यंत खोबरेल प्याले होते. मला ओरडायचं होतं. माझा स्वभाव तसा आहे, प्रयोगशाळेत माझा आवाज दोन खोल्या ओलांडून जातो. पण ओरडू काय? किनाऱ्यावरच्या घरात लोखंडाला ओल लागू देऊ नकोस म्हटलं की कुठलीही शहाणी बाई हेच करणार. विळी, कोयती, कुलपाची किल्ली, सगळं इथे तेल पिऊन असतं, नाहीतर चार दिवसांत खारी हवा खाऊन टाकते. हा तर तिच्या नवऱ्याच्या ब्रेकचा पट्टा. त्याला तिने देवाच्या उपकरण्यांपेक्षाही मन लावून घासलं होतं.

मी तिला विचारलं, पाटा गुळगुळीत झाला की तू काय करतेस? ती म्हणाली, टाकी लावून पुन्हा खरखरीत करून घेते. मी म्हटलं, ती भोकं म्हणजे टाकी होती.

तिला कळायला क्षणभर लागला. मग तिने पट्टा मांडीवरून खाली ठेवला, अगदी हळू, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

“म्हंजे चिकटायचा नाय?”

मी पट्ट्यावर बोट फिरवून तेलाने चमकणारं बोट तिला दाखवलं.

“त्यांचा हात ह्यावर ऱ्हाणार,” ती म्हणाली. “आनी मीच तेल घातलां.”

रडली नाही. तिचा चेहरा इतका उतरला की माझा राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली.

भट्टी

खळगे घासून जात नाहीत, ते तसेच होते. प्रश्न तेलाचा होता. मी सुमनला म्हटलं, ऊठ, मोठ्यातलं मोठं पातेलं चुलीवर ठेव. धुण्याचा सोडा घालून आम्ही पाणी उकळवलं आणि पट्टा वाकवून त्यात बुडवला. वर तेलाचा तवंग आला. बाहेर काढून मी त्यावर स्वच्छ पाणी ओतलं आणि तिला दाखवलं. लोखंड स्वच्छ असेल तर पाणी त्यावर सपाट पसरून राहतं. कुठे तेल उरलं असेल तिथे ते फाटतं आणि त्याचे मणी होतात. अळूच्या पानावर होतात तसे मणी सगळ्या पट्ट्यावर उभे राहिले.

पुन्हा सोडा, पुन्हा पाणी. मणी. दत्ताराम पेट्रोल घेऊन आला. पेट्रोलने चोळलं, पुन्हा उकळलं. मणी कमी झाले, पण गेले नाहीत. ज्या खळग्यांनी गोंद धरून ठेवावा म्हणून मी महिनोन् महिने खपले होते, त्यांनी तेल तितक्याच निष्ठेने धरून ठेवलं होतं. मला त्या खळग्यांचा अभिमान वाटावा की त्यांना शिव्या घालाव्यात हे कळेना. मी शिव्या घातल्या. पुणेरी शिव्या ऐकून दत्तारामच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू दिसलं.

शेवटी पट्टा बेकरीत नेला. पाव निघाले होते. भट्टीच्या तोंडाशी निखारे ओढून त्यावर पट्टा टांगला आणि तेल धूर होऊन निघू लागलं. पोलाद फार तापून निळं पडता कामा नये, म्हणून मी डोळे फाडून त्याचा रंग बघत होते. खोबरेलाचा तो जळका वास बाजारभर पसरला. वाटेने जाणारे लोक डोकावून विचारायचे, चाचा, आज नवीन बिस्किटं काय? चाचा त्यांना हातानेच पुढे जायला सांगत होते. जळणाच्या करवंट्या संपल्या तेव्हा त्यांनी आपल्या घरून आणखी एक पोतं मागवलं.

पट्टा निवल्यावर पुन्हा सोड्यातून काढला. ह्या वेळी पाणी सुमनने ओतलं. मी सांगितलं नव्हतं, तिने तांब्या आपण होऊनच उचलला. पाणी पट्ट्यावरून सरकलं आणि पसरलं. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. टोकाशी, जिथे कुंकू लावलं होतं, तिथे एक मणी फुगला. मी बरं म्हणणार होते, एवढं चालेल. पण सुमनने पट्टा उचलून पुन्हा चाचांच्या हातात दिला. “अजून एकदा,” ती म्हणाली.

त्यानंतर पाणी कुठेच फाटलं नाही. एवढं साधं पाणी बघून माझे डोळे भरून येतील असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. लगोलग धगीवर वाळवून गोंद लावला, लायनर बसवला, सगळीकडून शिकंजे आवळले आणि भट्टीत सरकवला. मी थर्मामीटर धरून बसले, चाचा निखारे मागेपुढे करत राहिले. बाहेर काढला तेव्हा अस्तर आणि पोलाद एकजीव झालं होतं. दत्तारामने कडेला पटाशी लावून जोर दिला. लायनरचा कोपरा तुटला, पण चिकटलेला भाग सुटला नाही.

बंदर

पौर्णिमेला नारळ वाहून झाले. दुसऱ्या दिवशी सगळ्या बोटींबरोबर निघण्याआधी बंदराच्या तोंडाशी ब्रेक तपासायचा ठरला. बोटीवर बाई चढत नाही, असं दत्तारामने आधी सांगितलं. मग स्वतःच विचार करून म्हणाला की जाळं टाकायचं नाही, तेव्हा चालेल. आमच्याकडे पुण्यात एकदा नाही म्हटलं की ते नाहीच, त्यामुळे मला ह्याचं फार कौतुक वाटलं. सुमन मात्र धक्क्यावरच राहिली. तिला कुणी विचारलंही नाही आणि तिनेही मागितलं नाही.

उघड्या पाण्याशी येताच बोट हलू लागली आणि मी केबिनच्या भिंतीला पाठ लावून खाली बसले. दत्ताराम सुकाणूवर. विठ्ठल विंचजवळ. वायरच्या टोकाला जाळ्याची जड फळी बांधून पाण्यात सोडली. वायर सळसळत सुटली. दत्तारामने हाक दिली आणि विठ्ठलने ब्रेक दाबला.

तो जुन्या सवयीने दाबला. वर्षानुवर्षं घसरणाऱ्या ब्रेकला थांबवायचं तर दांड्यावर सगळं अंग टाकावं लागे. तसंच त्याने पाय रोवले, डाव्या हाताने दांडा धरला आणि खांद्यासकट त्यावर झोकून दिलं. रहाट जागच्या जागी मेला. बोटीचा मागचा भाग खाली बसला, मी आडवी झाले, कुठेतरी कडी तुटली आणि वायर माझ्या डोक्यावरून शीळ घालत गेली. केबिनची काच फुटून माझ्या मांडीवर पडली.

इंजिनाचा आवाज तेवढा येत होता. मी हात, पाय, डोकं चाचपून पाहिलं. दत्ताराम काचेच्या भोकातून माझ्याकडे बघत होता. “ब्रेक लागला हो,” तो म्हणाला.

गोंदाची ताकद, अस्तराची पकड, समुद्राचं मीठ, सगळ्याचा विचार आम्ही पुण्यात केला होता. पण जो माणूस इतकी वर्षं वाईट ब्रेकशी झुंजला, त्याचं अंग चांगल्या ब्रेकशी कसं वागेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वायर हातभर खाली आली असती तर मी हे लिहायला उरले नसते.

विठ्ठल पांढराफटक पडला होता. मला वाटलं आता तो विंचपासून दूर होईल. तो दांड्याकडे बघत उभा राहिला. मग वायर पुन्हा बांधायला सांगितली. मी नको म्हणाले. जोरात म्हणाले. त्याने ऐकलं नाही. मला खुणेनेच केबिनच्या पलीकडे बसायला लावलं आणि जाळ्याची दुसरी फळी पाण्यात गेली.

ह्या वेळी त्याने डावा हात पाठीमागे घेतला. पंचा खांद्यावरून काढून कमरेला बांधला. उजवा हात दांड्यावर ठेवला, अंगठा आणि ते एक बोट. वायर सुटत होती. त्याने दांडा नुसता ओढला, दाराची कडी सरकवावी इतकाच. रहाट हळू झाला, आणखी हळू झाला आणि थांबला. त्याने सोडला, फिरू दिला, पुन्हा थांबवला.

“ह्याला अंग लावायचां नाय,” तो मला म्हणाला. मी आल्यापासून त्याने माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. “नुसतां सांगितलां की ऐकतो.”

धक्क्यावर सुमनला आधी फुटलेली काच दिसली. ती पाण्यात उतरतेय की काय असं वाटलं. विठ्ठल बोटीवरून उतरला तसा तिने त्याचा उजवा हात चार लोकांत पकडला आणि उलटासुलटा करून पाहिला. त्याने तो सोडवून घेतला नाही.

माझी गाडी दुपारची होती, म्हणून सुमनने लवकर पानं घेतली. भात, काळ्या वाटाण्याची उसळ, नारळीभाताची उरलेली मूद. मी आणि दत्ताराम बसलो. विठ्ठल आतून पाट घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला. चमचा घेतला नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने त्याने भात कालवायला सुरुवात केली. अर्धा घास तोंडात जात होता, अर्धा पानाबाहेर सांडत होता. मला आणि दत्तारामला आपापल्या पानाकडे बघण्यावाचून काही सुचेना. सुमन उसळीचं भांडं घेऊन दारात थबकली होती. मग ती आली, त्याच्या पानाभोवती सांडलेली शितं तिने गोळा केली नाहीत, नुसता आणखी भात वाढला आणि म्हणाली, “सावकाश जेवा.”